सुई मध्यावर

२० नोव्हेंबर १९८२, शनिवार

अखेर पोचलो! महाडहून पोलादपूरची एस.टी., तिथून खात्याची जीप, आणि जीपचा रस्ता संपला तिथून कुडपणच्या पठारापर्यंत स्वतःचे दोन पाय. सामान म्हणजे एक वळकटी, एक ट्रंक आणि माझी सोल्डरिंगची पेटी. ट्रंक उचलणारा गडी वाटेत सारखा टेकत होता. आत दगड भरलेत काय म्हणून विचारलं त्याने. रेडिओचं सामान आहे म्हटलं, दगडापेक्षा महाग. मग बिचारा ती जपून टेकवायला लागला.

काम झकास आहे. पठारावर टेलिफोनचा मनोरा, मनोऱ्याच्या पायथ्याशी एक खोली, खोलीत यंत्रं आणि यंत्रांपुढे मी. पुण्या-मुंबईची बोलणी माझ्या डोक्यावरून कोकणात जाणार, मी नुसते दिवे बघत बसायचं. मला रात्रपाळी आहे. दिवसपाळीला रावजी असतो. त्याच्या तोंडात कायम तंबाखू, त्यामुळे गप्पांचा त्रास नाही.

राहायची सोय रावजीनेच लावली, पठाराखालच्या वाडीत ठकूबाईंकडे. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सोबत विधवा सून तुळसा. मुलगा येसाजी आखातात बोटीवर नोकरीला होता, सुट्टीवर आला असताना दोन वर्षांपूर्वी वारला. घर नीटनेटकं, सारवलेलं, वीज आलेली.

मला धास्ती होती ती भलत्याच गोष्टीची. खोली बघायला गेलं आणि आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा कसा उतरतो ते मी पुण्यातसुद्धा पाहिलंय. मग खोली कालच गेलेली असते. म्हणून ओटीवर उभ्याउभ्याच सांगून टाकलं, श्रीपत तांबे, मूळचे महाडचे, बौद्ध. म्हातारीने ते कानाआड केलं. तिला दुसरंच हवं होतं. म्हणाली, "बोल बाबा आजून. कायपन बोल." मी जीपचं बोललो, थंडीचं बोललो, पुण्यातल्या बायकोचं, नीलाचं बोललो. ती मान कलती करून ऐकत राहिली आणि मग सुनेला म्हणाली, "ह्याला आतली खोली दे. येसाची."

मला भरून आलं, खोटं कशाला लिहू. जेवायला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं होतं. ताट येसाजीचं, वाटी येसाजीची. जात विचारली नाही अशी ही पहिलीच घरमालकीण.

२१ नोव्हेंबर, रविवार

आज जे सापडलं ते कुणाला सांगू असं झालंय. ओटीवरच्या फळीवर, भरतकामाच्या रुमालाखाली, एफ.एम. ट्यूनर! येसाजीने कुवेतहून आणलेला, अस्सल जपानी, जोडीला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरही. वाडीतल्या लोकांना तो बिघडलेला रेडिओ वाटतो.

दोन्ही बाजूंना लाकूड, पुढे घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, काचेमागे हिरवट दिवा. नॉबच्या मागे आत जड पितळी चाक असतं. बोटाने हलकी टिचकी द्यावी आणि नॉबने आपलाआपण फिरत काटा अठ्ठ्याऐंशीपासून एकशेआठपर्यंत न्यावा, कुठेही न अडखळता. हल्ली आकडे लुकलुकणारे, बटणं दाबायचे सेट निघालेत म्हणे. त्यांत टप्प्याटप्प्याने उड्या मारत जावं लागतं. इथे दोन टप्प्यांमधली जागासुद्धा आपली असते. केसभर इकडे, केसभर तिकडे, हाताला कळतं.

नीला हसते मला. मद्रासपर्यंत एकही एफ.एम. स्टेशन नाही, मग हे खूळ कशाला, म्हणते. पण ट्रेनिंगला मद्रासला असताना एका मित्राकडे मी असल्या ट्यूनरवर वीणा ऐकली होती. तारेवर बोट घासल्याचा आवाज आला. वाजवणाऱ्याने श्वास घेतला तोही आला. त्या दिवसापासून मला मिडियम वेव्ह म्हणजे पोत्यातून बोलणारा माणूस वाटतो.

आणखी एक गंमत. मिडियम वेव्हवर एका जागी दोन स्टेशनं आली की खिचडी होते, दोन्ही अर्धीमुर्धी ऐकू येतात. एफ.एम.ला खिचडी चालत नाही. दोघांतलं जे जोरकस ते अख्खं ऐकू येतं आणि जे दुबळं ते पार नाहीसं होतं. जणू ते कधी नव्हतंच. किती स्वच्छ कारभार!

म्हातारी रोज दुपारी तो लावते आणि समोर बसते. नुसती फसफस ऐकत बसते. तिला दिसत नाही, पण मला दिसलं. ट्यूनरला दोन मीटर आहेत, एक जोर दाखवतो, दुसरा नेमकेपणा. स्टेशन नेमकं लागलं की दुसऱ्या मीटरची सुई मध्यावर येते. रिकाम्या जागी ती तशीही निमूट मध्यावर उभी असते. इथली सुई मात्र डावीकडे झुकलेली. म्हणजे त्या जागी काहीतरी आहे आणि कुणीतरी ते केसभर चुकवून ठेवलंय.

२४ नोव्हेंबर, बुधवार

चुकवणारी सापडली. तुळसा. सकाळी फळी पुसताना ती नॉबला हळूच बोट लावते. मी पाहिलं तेव्हा दचकली. दुपारी ताट वाढताना पुटपुटली, "भाऊ, ती सुई मधी नका आनू." का, विचारलं तर आत निघून गेली.

आता एखाद्या गवयाला सांगावं की तंबोरा उतरलेलाच राहू द्या, तसं हे झालं. वाकडी सुई बघून माझा घास उतरेना. म्हातारी बसली होतीच. नॉबवर बोट ठेवलं आणि अगदी जरासं उजवीकडे सरकवलं. सुई मध्यावर आली आणि फसफस विरली.

शांतता आली, पण रिकामी नव्हे. खोलीत माणूस असल्यासारखी शांतता. मग कुणीतरी घसा खाकरला.

म्हातारीने माझा हात घट्ट धरला आणि रडायला लागली. "येसा खाकारला," म्हणाली. मी समजूत घातली की आई, बोटीवरचा वायरलेस असेल नाहीतर महाबळेश्वरकडचा पोलिसांचा, पठारावर असं काहीबाही येतं. तिने मान डोलावली. लहान मुलाच्या बडबडीला डोलावतात तशी. संध्याकाळी माझ्या पानात तूप जास्त होतं.

२८ नोव्हेंबर, रविवार

हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणाऱ्यातला मी नव्हे. पाइपचे तुकडे जमवून बांबूवर पाच काड्यांचा झक्क अँटेना केला आणि कौलांवर चढवला. शिडी रावजीने धरली. तुळसा मागच्या परड्यातून बघत होती. शिडी उभी राहिली तशी तिने कळशी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

अँटेना फिरवत फिरवत जोराचा मीटर टोकाला नेला. खाली आलो, ट्यूनर लावला. आणि काय सांगू! पुरुषाचा आवाज, खोल, इतका जवळचा की वाटावं फळीवर पाय सोडून बसलाय. एकच शब्द बोलला. "पाणी."

तुळसा आतून तांब्या घेऊन आली. फळीसमोर ठेवला आणि तशीच वाकलेली उभी राहिली.

विचित्र आहे, कबूल. पण आवाजाचा दर्जा! 'पा' म्हणताना ओठ सुटले तेसुद्धा ऐकू आलं.

१ डिसेंबर, बुधवार

आता तो रोज दुपारी बोलतो. फार नाही, दोन-चार शब्द. "भात कच्चा हाय." खरोखर कच्चा होता. "येवडा येळ कुठं व्हतीस गो?" तुळसा विहिरीवर होती. प्रत्येक शब्दाला ती आक्रसते आणि म्हातारीचा चेहरा उजळतो.

मी स्पष्टीकरणं शोधून थकलो आणि सोडून दिली. आमच्या घरातून देव आणि भुतं दोन्ही आजोबांनी छप्पन्न साली एकदमच बाहेर काढली. मी आवाज ऐकतो, बास. आज तो तिला शिवी देत होता आणि मी बघत होतो की वरच्या पट्टीत कुठे फाटतोय का. फाटत नव्हता. असा ट्यूनर हिंदुस्थानात दहाजणांकडे नसेल.

नीलाशी सकाळी बोललो. ती पुण्याच्या एक्स्चेंजला ऑपरेटर आहे, आमचं जुळलं तेच मुळी लायनीवर. चेहरा बघायच्या आधी आवाजावर भाळली माझ्या. शिफ्ट सुटायच्या वेळी दोन मिनिटं मिळतात. जानेवारीत पोलादपूरची क्वार्टर रिकामी होतेय. लग्नाला सहा महिने झाले, एकत्र संसार म्हणून पंधरा दिवसही झाला नाही. पडदे कुठल्या रंगाचे घेऊ, विचारत होती.

३ डिसेंबर, शुक्रवार

तुळसा परड्यात भेटली, मुद्दाम थांबली होती. हळू आवाजात सगळं सांगितलं. येसाजी सुट्टीवर आला की तिला मारायचा. दंड वर करून दाखवला, विडीचे डाग, ओळीने. पाणी आणायला उशीर झाला की एक. म्हातारी शेजारी बसून तांदूळ निवडायची. शेवटच्या खेपेला तो एरियल लावायला कौलांवर चढला होता.

"शिडी मी धरलेली, भाऊ. सोडली."

मग म्हणाली की चाळीस दिवसांच्या आत तो ह्या डब्यातून बोलायला लागला. सुई मध्यावर आली की तो घरात येतो. वाकडी ठेवली की भिंतीपलीकडे राहतो, बडबडतो, पण हात लांब पडत नाही. म्हातारीला नजर नाही म्हणून इतके दिवस निभावलं. मला हात जोडले. मी शब्द दिला की नॉबला पुन्हा हात लावणार नाही.

नवरा मारला असं एक बाई माझ्यासमोर कबूल करत होती आणि माझ्या मनात काय, तर केसभर वाकडी सुई. माणूस विचित्र प्राणी आहे.

५ डिसेंबर, रविवार

आज दादरला निघायचं होतं, महाडची मंडळी दरवर्षी सहा डिसेंबरला जातात. गेलो नाही. सुट्टी होती, पाय निघाला नाही.

दोन दिवस ती फसफस ऐकतोय. अँटेना इतका सुंदर लावलेला आणि ट्यूनर मुद्दाम चुकवलेला. डोकं भणभणलं. म्हातारीही काल जेवली नाही, म्हणे पोराचा आवाज परत गेला. दुपारी तुळसा विहिरीवर गेली तेव्हा सुई मध्यावर आणली. आणि आमच्या धंद्यात सेट नेमका लागला की कुणी हलवू नये म्हणून मोक्याच्या जागी लाखेचा थेंब सोडतात, तसा नॉबच्या दांड्यावर सोडला. एकच थेंब. आता तुळसाने बोटं मोडली तरी तो हलायचा नाही.

दिला शब्द मोडला, हे खरं. पण त्यात धोका तो कसला? तोंडाच्या वाफेने कुणी मरत नाही.

तुळसा परत आली, नॉबला बोट लावलं. पुन्हा लावलं. मग माझ्याकडे बघितलं.

रात्री म्हातारीने कोंबडं कापलं. मन खात होतं आणि मी कोंबडी खात होतो.

९ डिसेंबर, गुरुवार

तुळसा गेली.

सकाळी पाळी संपवून आलो तर अंगणात माणसं. कौलांवरून पडली. मान मोडलेली. माझी शिडी, माझ्या अँटेनासाठी मी ठेवलेली, तिच्या अंगावर आडवी. ती बाई वर कशाला गेली? पोलीस पाटलाने विचारलं. म्हातारी ओटीवर बोटांनी चाचपत तांदूळ निवडत होती. अगदी शांतपणे सांगितलं की एरियल हलला होता, येसाने सरळ करायला सांगितला, म्हणून सूनबाई चढली.

"शिडी मीच धरलेली," म्हणाली.

पाटलाने म्हातारीला वेड लागलं म्हणून च् च् केलं आणि अपघात लिहून घेतला. मी तिथेच उभा होतो. काय सांगणार होतो, की लाख मी लावली?

दुपारी तिने ट्यूनर लावला. तो हसत होता. स्वच्छ, खणखणीत, एकही खरखर नाही.

मी मारलं तिला. हे इथे लिहून ठेवतो.

११ डिसेंबर, शनिवार

बदलीचा अर्ज केलाय. क्वार्टर मिळेपर्यंत मनोऱ्यावरच झोपेन असं रावजीला सांगितलं, तर तो म्हणाला दिवसा त्याला तिथे जागा लागते. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे.

नीलाला तुळसाचं काही सांगितलं नाही. ती लाडात होती. म्हणाली, तू मला 'गो' कधीपासून म्हणायला लागलास? गोड वाटतं रे.

मी कधीच म्हणालो नाही.

१४ डिसेंबर, मंगळवार

लाख खरवडून काढली. सुई डावीकडे नेली. हात काढला. नॉब आपलाआपण फिरला, सावकाश, त्या जड चाकाच्या ऐटीत, आणि सुई मध्यावर येऊन उभी राहिली.

वर चढून अँटेना उपटला. शिडी कुणाला धरू दिली नाही. खाली आलो तर आवाज तसाच. जोराचा मीटर टोकाला. वायर ओढून काढली. हिरवा दिवा विझला. तो बोलतच होता.

अँटेना काढून काय होणार. ज्याला अँटेना हवा होता त्याला तो मिळालाय. मी आतल्या खोलीत झोपतो, त्याच्या ताटात जेवतो.

१६ डिसेंबर, गुरुवार

घसा बसल्यासारखा. पोलादपूरच्या डॉक्टरने टॉर्च टाकून पाहिलं, घसा ठणठणीत आहे म्हणाला. मी त्याला सांगत होतो की आवाज बाहेर पडायच्या आधी कुठेतरी अडतो. तो हसून म्हणाला की अहो, तुमचा आवाज तर भारदस्त आहे.

मी सांगितलेलं त्याने ऐकलं नव्हतं. मग त्याने काय ऐकलं?

१९ डिसेंबर, रविवार

नीला म्हणाली, काल दुपारी किती छान बोललास.

काल दुपारी मी झोपलो होतो.

रावजीला विचारलं. म्हणाला की तुम्हीच आलात, फोन मागितला, बायकोशी हसत बोलत होतात, पठार बघायला ये म्हणत होतात, मला मिशीला पीळ द्यायची नवीन सवय दिसली. मला मिशीच नाही. वरच्या ओठावर हात नेत होतात, म्हणाला.

ती शुक्रवारी येतेय. चोवीसला. मग पंचवीसला महाडला आपल्या लोकांच्या कार्यक्रमाला दोघं मिळून जाऊ, असं मी म्हटलं म्हणे. येसाजीला पंचवीसचं काय माहीत? माझ्या डोक्यातलंही त्याला मिळतंय.

म्हातारी नवं लुगडं वाळत घालत होती. "सून येनार," म्हणाली.

२१ डिसेंबर, मंगळवार

लायनीवर नीला. मी म्हणालो येऊ नकोस. ती म्हणाली, हो रे, गरम कपडे आणते.

मी ओरडलो, इथे खून झालाय. ती म्हणाली, चल, चावट कुठला.

एका जागी दोन आले की खिचडी होत नाही. जोरकस ते उरतं. दुबळं कधी नव्हतंच. आवाज ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही सगळ्या एक्स्चेंजमध्ये — आणि तिला तो माझाच वाटतो — कारण तो माझाच आहे. शब्द तेवढे त्याचे.

आयत्या बिळावर नागोबा. बीळ मी.

२२ डिसेंबर, बुधवार

तारेचा मजकूर लिहून रावजीला दिला. *येऊ नकोस. जिवाला धोका.* खाली पोस्टात द्यायला सांगितलं. संध्याकाळी त्याने हसत कागद परत केला. म्हणाला, येवढ्यासाठी तार कशाला, वैनी येतातच की. कागदावर माझं अक्षर. *लवकर ये गो. वाट बघतो.*

म्हणजे हातही.

पण ही वही? इथे मी अजून मीच आहे. विचार केला. ही कुणासाठी नाही म्हणून. जे दुसऱ्याकडे जायला निघतं तेवढं तो वाटेत धरतो. जे कुणाकडेच जात नाही त्यात त्याला रस नाही.

इथे तिचं नाव घेऊन लिहायचं नाही. लक्षात ठेव. कुणालाही उद्देशून नाही.

पहाटे निघतो. पुण्याला तिच्या दारातच जाऊन उभा राहतो — न बोलता — नुसता रडेन — रडणं तरी माझं असेल —

२३ डिसेंबर, गुरुवार

निघालो होतो. वाट संपत आली होती, जीपचा रस्ता दिसत होता.

मग दुपार. आतल्या खोलीत. पायाला चिखल. मधलं काही आठवत नाही.

म्हातारी पाय धुऊन गेली माझे. "दमलास रं येसा," म्हणाली. तिने पहिल्या दिवशी जात का नाही विचारली ते आता कळलं. तिला भाडेकरू नको होता. गळा हवा होता. भांडं विकत घेताना कोण विचारतं ते आधी कुणाच्या घरात होतं — नुसतं वाजवून बघतात.

२४ डिसेंबर. सकाळ

बाहेरून कडी. म्हातारी म्हणते लेकाला झोपू दे.

खिडकीला गज. ट्यूनर ओटीवर. दिवा विझलेला. मीटर इथून दिसत नाही. गरज नाही — मला आत कळतंय — सुई कुठे आहे ते —

ओरडून पाहिलं. तोंड उघडतं. ऐकू काही येत नाही.

दुपार

कुत्री भुंकताहेत. रावजी वाट दाखवत आणतोय. तिच्या चपलांचा आवाज. डाव्या चपलेची पट्टी सैल, ती घासते — किती स्वच्छ येतंय सगळं —

म्हातारी अंगणात. ये बाय, दमलीस. माझं नाव घेऊन विचारतेय ती. श्रीपत कुठाय?

ओटीवरून आवाज. माझा. हसतोय. इतका गोड मी कधी बोललो नव्हतो तिच्याशी —

ती हसली. कुठे लपलायस, म्हणते —

दार ठोकतोय. दोन्ही हातांनी. हात दारापर्यंत जातात आणि मऊ पडतात —

पेन आहे. वही आहे. दाराखालून सरकवता येईल. नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की — पण नाव न घेता तिला कसं कळणार — एकदाच — जोर लावून — त्याच्यापेक्षा जोर लावून —

नीला, उंबरठा ओलांडू नकोस. तो मी नाही. आल्या पावली मागे फीर, धावत जा, मागे वळून न बघता ये गो. आत ये. किती येळ लावलास. दाराला कडी घाल आन् पाणी